वळू किती उरले, हे कोण विचारणार?

काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातील हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात मी देवणी या देशी गोवंशाच्या जनावरांची मापे घेत होतो. पशुवैद्यकाला हे काम नवे नसते. हातात टेप होती, गुडघ्यावर छापील नमुना होता आणि समोर दाव्याला एक अडीच वर्षांचा गोऱ्हा होता. वशिंडामागची उंची, छातीचा घेर, अंगाची लांबी, कानाची लांबी, शेपटीच्या गोंड्याचा रंग असा एकेक रकाना भरत गेलो. रंगाच्या रकान्यापाशी आल्यावर मालकाने आपणहून सांगितले की हा वानेरा, अंग पांढरे आणि तोंड काळे. पलीकडचा बालंक्या आणि त्याच्या शेजारी अंगभर काळे ठिपके असलेला तो शेवेरा. ही तिन्ही नावे शास्त्रीय वर्णनातही आहेत, त्यामुळे मी खूश होतो. मग सहज विचारले की घरच्या गाईंवर हाच सोडता का? तो म्हणाला, "न्हाई साहेब. आमच्या गायींचा बाप आन् ह्याचा बाप एकच हाय. ह्याला पल्याडच्या गावाला देतोत, आन् त्यांचा आमी आणतोत." हे उत्तर लिहायला माझ्या नमुन्यात रकाना नव्हता, म्हणून ते मी समासात लिहून ठेवले.

त्या समासातल्या ओळीसाठीच हा लेख लिहितो आहे. पाळीव जनावरांच्या देशी जाती वाचवण्यासाठी तज्ज्ञांच्या सल्लागार समित्या असाव्यात का, असल्यास त्यांनी नेमके काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. चर्चा होते ती गाईच्या महात्म्याची किंवा दुधाच्या भावाची. मला मात्र असे ठामपणे वाटते की अशी समिती नसेल तर जात कागदावर टिकते आणि गोठ्यातून जाते. आणि समिती असूनही ती चुकीचा प्रश्न विचारत असेल, तर तिच्याच सहीने जात बुडू शकते. या दोन्ही गोष्टी आपल्या देशात घडलेल्या आहेत.

आधी जे नीट झाले त्याविषयी. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो 1984 मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी हरियाणातील कर्नाल येथे स्थिरावला. 2007 मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जातींच्या नोंदणीची पद्धत सुरू केली आणि त्यासाठी परिषदेच्या पशुविज्ञान विभागाच्या उपमहासंचालकांच्या अध्यक्षतेखाली जाती नोंदणी समिती काम करू लागली. कुठल्याही भागातून अर्ज येतो. त्यात जातीचा इतिहास, मूळ प्रदेश, संख्या, शारीरिक मापे, उत्पादन, छायाचित्रे असतात. समिती ते तपासते आणि पटले तर जातीला क्रमांक मिळतो. 2019 पासून नोंदलेल्या जाती राजपत्रातही प्रसिद्ध होऊ लागल्या. पूर्व विदर्भातील कठाणी गाय आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील पूर्णाथडी म्हैस यांची नोंदणी 2023 च्या सुरुवातीला जाहीर झाली. पूर्णाथडी म्हैस फिकट, जवळजवळ पांढुरक्या रंगाची असते. अकोला-बुलढाण्याकडच्या लोकांना ती पिढ्यानपिढ्या ठाऊक होती. सरकारी कागदावर मात्र ती तोवर नुसती 'गावठी' होती. कोकण कपिला आणि गोव्याची श्वेत कपिला यांचेही तसेच.

'गावठी' हा शब्द आमच्या खात्यात किती निष्ठूरपणे वापरला जातो, हे बाहेरच्यांना सहज कळणार नाही. ज्या जनावराला जातीचे नाव नाही, त्याच्यासाठी योजना नाही, वळू नाही, कृत्रिम रेतनासाठी वीर्याची मात्रा म्हणजे रेतमात्रा नाही. त्याच्यासाठी एकच शिफारस असते, ती म्हणजे संकर. म्हणून एखाद्या समितीने टेबलावर बसून 'ही स्वतंत्र जात आहे' असे म्हणणे, ही नुसती नाव देण्याची गोष्ट नाही. त्या एका ठरावाने जनावराला सरकारी धोरणात उभे राहायला जागा मिळते. नोंदणी समितीचे हे श्रेय निर्विवाद आहे.

पण नोंदणी म्हणजे संवर्धन नव्हे. जन्मदाखला मिळाला म्हणून मूल वाढत नाही. माझ्या मते खरे काम नोंदणीनंतर सुरू होते, आणि नेमके तिथेच आपल्याकडे कोणी कायमस्वरूपी लक्ष ठेवून नाही.

जात धोक्यात आहे की नाही, हे आपण एकूण डोकी मोजून ठरवतो. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 14 कोटी 21 लाख देशी व वर्गीकरण न झालेले गोवंशीय पशू होते, 2012 पेक्षा 6 टक्क्यांनी कमी. त्याच काळात विदेशी व संकरित गोवंशाची संख्या सुमारे 27 टक्क्यांनी वाढली. या आकड्यांवरून दिशा कळते, पण एखाद्या जातीच्या रक्तात किती वैविध्य उरले आहे, हे कळत नाही. त्यासाठी आनुवंशशास्त्रात 'प्रभावी संख्या' काढतात. हिशेब अवघड नाही. पैदाशीतील नर आणि माद्या यांचा गुणाकार करायचा, त्याला चाराने गुणायचे आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. 1,000 गाई आणि 50 वळू असतील तर प्रभावी संख्या सुमारे 190 येते. त्याच 1,000 गाईंना 10 वळू असतील तर ती 40 वर येते. आता समजा गाई दहापट वाढून 10,000 झाल्या, पण कृत्रिम रेतनासाठी वळू वापरले फक्त 5. तर प्रभावी संख्या उरते अवघी 20. गाई दहापट झाल्या, मंत्र्यांनी सत्कार केले, फलक लागले, आणि जात आतून निम्म्याने आक्रसली. प्रभावी संख्या 50 च्या खाली गेली की दर पिढीला रक्तसंबंधातील पैदाशीचे प्रमाण एका टक्क्याहून अधिक वाढू लागते आणि मग वांझपण, अशक्त वासरे, रोगाला बळी पडणे ही लक्षणे दिसू लागतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या वर्गवारीतही जात 'संकटग्रस्त' ठरायला पैदाशीच्या माद्या 1,000 पेक्षा कमी असणे हा एक निकष आहे, तसा पैदाशीचे नर 20 किंवा त्याहून कमी असणे हाही स्वतंत्र निकष आहे. म्हणजे गाई कितीही असोत, वळू 20 वर आले की घंटा वाजलीच पाहिजे.

ही घंटा कोण वाजवणार? कृत्रिम रेतन केंद्राचा कर्मचारी वाजवणार नाही, कारण त्याला महिन्याच्या रेतनांचे लक्ष्य आहे. माझ्या नोकरीतल्या एका केंद्रात द्रवरूप नायट्रोजनच्या पात्रात होल्स्टिनच्या आणि जर्सीच्या रेतमात्रा कायम असत. देवणीची मात्रा मागितली की 'पुढच्या खेपेला' असे उत्तर मिळे. एकदा ती आली, तेव्हा तिच्यावरचा वळूचा क्रमांक मी वहीत लिहून ठेवला. पुढच्या तीन वर्षांत आलेल्या प्रत्येक मात्रेवर तोच क्रमांक होता. कोणाची बदमाशी नव्हती. पुरवठा करणाऱ्याला जो वळू सोयीचा, त्याच्या मात्रा त्याने पाठवल्या. पण तीन वर्षांत त्या भागातल्या कालवडी एकमेकींच्या सावत्र बहिणी झाल्या, आणि हे वरच्या कुठल्याही अहवालात 'देवणी रेतनात वाढ' असेच दिसले असणार. बाजारातला तो मालक जे डोक्यात ठेवून टाळत होता, तेच आमच्या यंत्रणेने सरकारी खर्चाने घडवून आणले. आता मादी वासरेच जन्माला यावीत म्हणून सेक्स्ड सीमेन आले आहे. दुधाच्या धंद्याला ते सोयीचे आहे, यात शंका नाही. पण लहान जातीत दोन-तीन वळूंचे असे रेत वापरले, तर पुढच्या पिढीसाठी गोऱ्हे निवडायचे कोठून, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याचा अधिकार असलेली जागा राज्यात हवी.

मोठ्या जातीसुद्धा यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेत 1962 मध्ये जन्मलेल्या 'चीफ' या होल्स्टिन वळूच्या हजारो मुली आणि लाखो नाती झाल्या. त्याच्याकडून दूध वाढले तसा एक घातक जनुकदोषही जगभर पसरला. दोन्हीकडून तो दोष आलेला गर्भ टिकत नाही. तो जनुक सापडेपर्यंत जगभरात त्यामुळे सुमारे 5 लाख गर्भपात झाले असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कोट्यवधी गाई असलेल्या, जगातली उत्तम नोंदवही असलेल्या जातीची ही कथा आहे. आपल्या तालुक्या-दोन तालुक्यांत उरलेल्या जातीला एवढा धक्का सोसवणार नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की शेतकऱ्याला जे परवडेल ते तो पाळेल. न परवडणारी जात सरकारने का जगवावी? या प्रश्नात तथ्य आहे आणि पोटाला चिमटा घेऊन कोणी गाय पाळावी असे मी म्हणणार नाही. पण आज कोणती गोष्ट निरुपयोगी आहे, हे आपल्याला कळते असे समजण्यात मोठी चूक आहे. बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढी ही अगदी खुजी, हलकी मेंढी. वजनाच्या तक्त्यात ती तळाशी बसेल. पण ती एका वेळी दोन-तीन कोकरे देते, आणि त्यामागचा जनुक शास्त्रज्ञांनी शोधला तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या प्रसिद्ध बूरूला मेरिनो मेंढीतील जनुकाशी तो जुळला. 1792-93 मध्ये कलकत्त्याहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांतून तो पोचला असावा. साताऱ्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हाच जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणून जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' घडवली. धनगराच्या कळपातली मेंढी एका वेळी एकाऐवजी दोन कोकरे देऊ लागली, ती सुंदरबनातल्या एका खुज्या मेंढीमुळे. सुंदरबनातल्या गरीब माणसांनी ती मेंढी कुणाच्या सांगण्याशिवाय सांभाळली नसती, तर फलटणला काय मिळाले असते? अकोले-इगतपुरीच्या डांगी गाईचेही असेच. तिच्या कातडीतून स्रवणारा तेलकट अंश धो-धो पावसात तिचे रक्षण करतो आणि काळे टणक खूर भातखाचरांच्या चिखलात व खडकाळ वाटेवर टिकतात. असा गुण प्रयोगशाळेत नव्याने बनवता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मी स्वतःच मांडतो, कारण तो माझ्या व्यवसायावर आहे. देशी जातींचे नुकसान तज्ज्ञांनीच केले, मग आता तज्ज्ञांच्याच समितीवर विश्वास का ठेवायचा? मुंबई इलाख्यात 1933 मध्ये पशुधन सुधारणा कायदा झाला. परवाना नसलेल्या वळूंचे खच्चीकरण करायचे, असा त्याचा गाभा होता. सुधारणा म्हणजे काय, हे त्या काळच्या जाणकारांनी ठरवले होते. केरळने 1960 च्या दशकात याच धर्तीवर कायदा केला आणि देशी वळू पाळणेच अवघड झाले. वेचूर ही लहानखुरी गाय त्यात जवळजवळ नाहीशी झाली. 1989 मध्ये केरळ कृषी विद्यापीठातील प्राध्यापिका डॉ. सोसम्मा आयप यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गावोगाव शोध घेतला, तेव्हा कुठे मोजक्या गाई मिळाल्या आणि त्यांतून जात पुन्हा उभी राहिली. त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण हेही विसरता येत नाही की त्या ज्या विद्येच्या, त्याच विद्येच्या जोरावर वेचूरचे वळू नष्ट झाले होते.

यातून मी काढलेला निष्कर्ष तज्ज्ञ नकोत असा नाही. त्या काळच्या तज्ज्ञांसमोर एकच प्रश्न ठेवला गेला होता: दूध कसे वाढेल? त्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर बरोबरच होते. आणि त्या खोलीत असा एकही माणूस बसलेला नव्हता, जो दुसरा प्रश्न विचारेल. संकरीकरणाचे फायदे मी नाकारत नाही. उरुळी कांचनच्या बाएफसारख्या संस्थेने 1967 पासून जे काम केले, त्यावर महाराष्ट्रातली किती घरे उभी राहिली हे मी पाहिले आहे. पण संकरीकरण कोठे थांबवायचे, कोणत्या तालुक्यात करायचेच नाही, हे सांगणारा आवाज स्वतंत्र हवा. दुधाचे उद्दिष्ट ज्याच्या गळ्यात आहे, त्याच अधिकाऱ्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

ब्रिटनला हा धडा फार महाग पडला. 2001 मध्ये तेथे लाळ्या-खुरकुताची साथ आली आणि ती आटोक्यात आणण्यासाठी 60 लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरातील हर्डविक मेंढ्यांचे बहुतेक सगळे कळप त्या एकाच भागात आहेत, आणि साथ तिथेच पोचली. या मेंढ्या कुंपणाविना आपापल्या डोंगराची हद्द ओळखतात आणि आईकडून कोकरू ती शिकते. म्हणून असा कळप गेला की नुसता विकत घेऊन तो भरून काढता येत नाही. जात एकाच ठिकाणी एकवटलेली असणे हा संख्येइतकाच मोठा धोका आहे, हे तेव्हा सर्वांच्या लक्षात आले. युरोपीय संघाच्या 2003 च्या निर्देशात आनुवंशिक संवर्धनासाठी ठेवलेल्या जनावरांना कत्तलीतून वगळण्याची तरतूद आली. ब्रिटनने 2006 मध्ये पाळीव जनावरांच्या आनुवंशिक संपत्तीचा राष्ट्रीय आराखडा केला आणि सरकारला सल्ला देणारी तज्ज्ञ समिती उभी केली. कोणती जात दुर्मीळ, तिचे कळप कोठे, साथ आली तर काय करायचे, याचा विचार साथ नसताना करून ठेवणे, हे अशा समितीचे खरे काम. 2022 मध्ये आपल्याकडे जनावरांत लम्पीची मोठी साथ आली तेव्हा आम्ही लस घेऊन गोठ्यागोठ्यांत फिरलो. ज्या जातीचे पैदाशीचे वळू बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यांच्या गोठ्यांची यादी अशा वेळी प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात भिंतीवर लावलेली हवी, आणि ती यादी साथ आल्यावर नव्हे, आधीच्या उन्हाळ्यात झालेली हवी.

बैलगाडा शर्यतींचा वाद आठवून पाहावा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 2021 च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. या सगळ्या वर्षांत एक बाजू म्हणत राहिली की शर्यत थांबली तर शर्यतीच्या बैलांची खिलार जात संपेल, दुसरी म्हणत राहिली की जात वाचवण्यासाठी जनावराचा छळ करावा लागत नाही. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे मांडायचा हक्क होता. पण आटपाडी, म्हसवड, सांगोला या पट्ट्यात शर्यती बंद असताना पैदाशीचे किती वळू उरले, खरसुंडीच्या बाजारात किती खोंड आले, वेगासाठी निवडलेल्या खोंडांमुळे गाईंच्या गुणांवर काय परिणाम होतो, हे दरवर्षी मोजून जाहीर करणारी निष्पक्ष जागा असती, तर हा वाद श्रद्धेवर नव्हे, मोजमापावर लढला गेला असता. न्यायालयाला जनुकशास्त्र येण्याची गरज नाही. त्याला विश्वासार्ह आकडा लागतो.

अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने 2007 मध्ये स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे पाळीव जनावरांच्या आनुवंशिक संपत्तीसाठी जागतिक कृती आराखडा संमत झाला आणि देशांनी सल्लागार समित्या कशा रचाव्यात याची मार्गदर्शिकाही त्या संघटनेने नंतर काढली. त्यात पशुपालकांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह आहे. आपल्याकडे महाराष्ट्र मंत्रिमंडळाने 2022 मध्ये 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पाला 172 कोटींहून अधिक रकमेची मंजुरी दिली आणि देशी गोवंशाचा त्यात समावेश केला, ही चांगली सुरुवात आहे. शिवाय 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची माहिती प्रथमच वेगळी घेण्याचे ठरले. तेव्हा पैसा थोडाफार आहे, आकडेही हाती येत आहेत. नाही ती त्यांच्याकडे वर्षानुवर्षे एकटक पाहणारी समिती.

ती कायद्याने स्थापन झालेली असावी, म्हणजे सचिव बदलला म्हणून बरखास्त होणार नाही. तिच्यात आनुवंशशास्त्रज्ञ असावेत आणि तालुक्यात काम केलेले पशुवैद्यकही असावेत. पण किमान एक तृतीयांश जागा ज्यांच्या दावणीला या जाती आहेत त्यांच्या असाव्यात: डांगी पाळणारे ठाकर आणि महादेव कोळी, दख्खनी मेंढ्या वळणारे धनगर, उस्मानाबादी शेळ्या सांभाळणाऱ्या बायका. त्यांना भत्ता द्यावा आणि बैठका मुंबईत नव्हे, राजूर, हाळी, माळेगाव अशा ठिकाणी घ्याव्यात. रेतन केंद्रांतील प्रत्येक वळूचा क्रमांक आणि त्याच्या मात्रा कोठे गेल्या, हा तपशील मागण्याचा तिला अधिकार असावा. तिचा सल्ला आणि सदस्यांचे मतभेद दोन्ही प्रसिद्ध व्हावेत, आणि सल्ला मानला नाही तर सरकारने का मानला नाही, हे ठरावीक मुदतीत लेखी सांगावे. सल्ला मानलाच पाहिजे असे मी म्हणत नाही; लोकनियुक्त सरकारला तो नाकारता आला पाहिजे. पण फाईलमध्ये पुरता येऊ नये.

अशी समिती झालीच, तर पहिल्या बैठकीसाठी माझी एक सूचना आहे. नोंदणीच्या आणि सर्वेक्षणाच्या नमुन्यात मापांच्या रकान्यांनंतर आणखी एक रकाना वाढवावा, आणि तो भरण्यासाठी टेप खिशात ठेवून मालकाशेजारी पाच मिनिटे बसावे: हा वळू तुम्ही कोणत्या गाईंवर सोडत नाही, आणि का?